पोहोचल्याची खबर आणि मागावरची नजर

गणपती, दिवाळी किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना हमखास फिरू लागते: गावी जाताना चेक-इन (आपण कुठे आहोत याची ॲपवरची नोंद) टाकू नका, घर रिकामे असल्याचे चोरांना कळते. सूचनेत वावगे काही नाही. मात्र तिच्या मागोमाग जो वाद पेटतो, तो दरवर्षी त्याच दोन खांबांभोवती घुटमळत राहतो. एका पक्षाच्या मते आपण कुठे आहोत हे चारचौघांना सांगत सुटणे हा निव्वळ मिरवण्याचा सोस आहे आणि असली ॲप्स फोनमधून काढून टाकावीत. दुसरा पक्ष विचारतो, की ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही त्याने घाबरायचे कशाला? पहिला पक्ष माणसाच्या एका जुन्या आणि निर्मळ गरजेला व्यसन ठरवतो, तर दुसरा खासगीपणाकडे गुन्हेगाराची आडवाट म्हणून पाहतो. मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. स्वतःहून, जाणीवपूर्वक केलेली चेक-इनची नोंद ही आपल्या ठावठिकाण्याच्या साऱ्या व्यवहारातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे. तिचे आकर्षण इतकी वर्षे टिकले ते याच प्रामाणिकपणामुळे, आणि आपला विरोध खरे तर न विचारता, न सांगता चाललेल्या पाठलागाला असायला हवा.

चेक-इन म्हणजे नेमके काय घडते हे आधी पाहू. माणूस एखाद्या ठिकाणी पोहोचतो आणि फोन काढतो. उपग्रहाच्या आणि आसपासच्या वायफायच्या आधाराने ॲप जवळपासच्या जागांची यादी दाखवते. त्या यादीतून माणूस आपली जागा निवडतो, वाटल्यास एखादी ओळ लिहितो, कोणाला दिसावे ते ठरवतो आणि बटण दाबतो. नोंद एका जागेची आणि एका क्षणाची होते, आणि ती कोणी केली याबद्दल संशय राहत नाही. याउलट आपल्या फोनमधली हवामानाची, खेळांची, खरेदीची आणि सवलतींची किती ॲप्स पार्श्वभूमीत आपला माग ठेवत असतात, याची यादी बहुतेकांना सांगता येणार नाही, कारण पहिल्या दिवशी घाईत दिलेल्या एका परवानगीवर ती पुढे महिनोन्‌महिने चालतात. पहिल्या गोष्टीत माणूस बोलतो आणि दुसरीत त्याच्याविषयी त्याच्या माघारी बोलले जाते. या दोहोंना ‘लोकेशन’ या एकाच पोत्यात भरल्यामुळे आपला सगळा वाद नासला आहे.

या कल्पनेचे वय बरेच आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डेनिस क्राउली आणि ॲलेक्स रेनर्ट या दोन विद्यार्थ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘डॉजबॉल’ नावाची सेवा सुरू केली, तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. आपण कुठे आहोत ते एसएमएसने कळवायचे आणि जवळपास असलेल्या मित्रांना निरोप जायचा, एवढाच तो खटाटोप होता. २००५ मध्ये गूगलने ती सेवा विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. त्याच वर्षी क्राउली यांनी नवीन सेल्वादुराई यांच्यासोबत ‘फोरस्क्वेअर’ आणले. त्यात बिल्ले होते, गुण होते आणि गेल्या साठ दिवसांत एखाद्या जागी सर्वाधिक दिवस हजेरी लावणाऱ्याला त्या जागेचे ‘महापौरपद’ मिळत होते. २०१० मध्ये फेसबुकने स्वतःची चेक-इनची सोय काढली, तेव्हा फोरस्क्वेअरचे दिवस भरले असे अनेक जाणकारांनी मानले. ‘गोवाला’ ही प्रतिस्पर्धी सेवा २०१२ मध्ये बंद पडली आणि गूगलचे ‘लॅटिट्यूड’ २०१३ मध्ये. २०१४ मध्ये फोरस्क्वेअरने चेक-इनचा भाग वेगळा काढून ‘स्वॉर्म’ या ॲपला दिला, आणि ठिकाणे सुचवणारे त्यांचे मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये गुंडाळले गेले. स्वॉर्म मात्र उरले. सवलती संपल्या, बिल्ल्यांचे अप्रूप ओसरले, प्रसिद्धीचा झोत दुसरीकडे वळला आणि तरीही काही लोक रोज जागा निवडून बटण दाबत राहिले. मिरवणे एवढाच त्यामागचा हेतू असता, तर जिथे हजारो बघणारे आहेत ते इंस्टाग्राम सोडून, मूठभर मित्र असलेल्या किंवा कोणीच नसलेल्या ॲपमध्ये नोंदी करत राहण्याचे त्यांना कारण काय होते?

त्याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. ठाण्यातल्या येऊरचा डोंगर ज्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो, त्याच उद्यानात कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत, पण ते दानाचे लेख आहेत आणि दान देणाऱ्याचे नाव कोरले जाणे समजण्यासारखे आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते नव्वद क्रमांकाच्या लेण्यातले, प्राचीन इराणातल्या पहलवी लिपीतले लेख. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये तिथे आलेल्या जरथुश्त्री, म्हणजे पारशी धर्माच्या मंडळींनी ते कोरवले. त्यांत दिवस आहे, महिना आहे, त्यांच्या यझदगर्दी सनाचे वर्ष आहे आणि आलेल्यांची नावे वडिलांच्या नावांसह आहेत. या लोकांनी तिथे दान दिले नाही, आणि लेणी त्यांच्या धर्माची नसल्याने त्यांना ती पुण्याची यात्राही नव्हती. अमुक दिवशी आम्ही अमुक जण इथे आलो, एवढेच त्यांना नोंदवायचे होते. हजार वर्षांपूर्वी परक्या धर्माच्या लेण्यात, स्थानिक लोकांना वाचता न येणाऱ्या लिपीत लिहिलेली ही नोंद कोणाला दाखवण्यासाठी होती? तिचा वाचक कदाचित त्यांच्यातलाच पुढे कधीतरी येणारा कोणी असेल, कदाचित कोणीच नसेल. माणसाने जागेवर आपली हजेरी लावून ठेवण्याची ओढ इतकी जुनी आहे की तिला फोनने जडवलेला रोग म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग गडांच्या बुरुजांवर खिळ्याने नावे कोरणाऱ्यांनाही याच न्यायाने पाठीशी घाला. मी घालणार नाही. १८१९ मध्ये अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने प्राचीन चित्रावर आपले नाव आणि तारीख खरवडली, तो दोष आजही त्या भिंतीवर आहे. पण या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे. ती ओढ माणसात असणारच असेल, तर दगडाला, चित्राला किंवा झाडाच्या सालीला धक्का न लावता ती भागवणारे साधन मिळणे हे चांगलेच झाले.

आपल्याकडे याहून जवळचा दाखला आहे तो तीर्थक्षेत्रांतल्या नामावळ्यांचा. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलेल्या माणसाला तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, लाल कापडात बांधलेली वही आतून आणतात आणि आजोबा किंवा पणजोबा कोणत्या साली, कोणासोबत, कशासाठी आले होते ते वाचून दाखवतात. मग त्याच पानावर आजचा माणूस आपली नोंद करतो. या व्यवहाराला आपण कधी मिरवणे म्हटले नाही. त्यात उपाध्यायाचा व्यावसायिक फायदा होता, यजमान बांधला जात होता, हे उघड होते आणि यजमानालाही ते ठाऊक होते. तरी ही पद्धत टिकली, कारण नोंद माणसाने स्वतः केलेली असे, ती कशासाठी आहे हे दोघांना माहीत असे, आणि मागाहून आलेल्या नातवाला ती बघायला मिळे. या तीन अटी मी पुढे पुन्हा वापरणार आहे.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त बँक कर्मचारी ठाण्यात नौपाड्यात राहतात. नाटक हा त्यांचा श्वास आहे. गडकरी रंगायतन, घोडबंदर रस्त्याकडचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह, या तिन्ही ठिकाणच्या प्रत्येक प्रयोगाची ते चेक-इनने नोंद करतात. नोंदीत नाटकाचे नाव, रांग, आसनक्रमांक आणि सोबत कोण होते एवढेच असते. ॲपमध्ये त्यांचा एकही मित्र नाही आणि नोंदी कोणाला दिसत नाहीत. गडकरी नूतनीकरणासाठी बंद होते तेव्हा त्यांनी मला फोनवर गडकरीच्या जुन्या नोंदींची यादी वरपासून खालपर्यंत सरकवून दाखवली. एका नोंदीपाशी त्यांचे बोट थांबले. पत्नीसोबत पाहिलेला तो शेवटचा प्रयोग होता, पुढच्या नोंदीत सोबतच्या रकान्यात भावाचे नाव होते. हीच माहिती त्यांनी डायरीत लिहिली असती, तर आपण त्यांना रसिक आणि शिस्तीचा माणूस म्हटले असते. फोनमध्ये लिहिली म्हणून ती सवंग का ठरावी? तारखेवार डायरीत जे सहज सापडत नाही ते जागेवार नोंदीत सापडते, कारण आपली स्मृती पुष्कळदा जागेच्या आधारानेच जागी होते.

नवी मुंबईत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी नगरनियोजन महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या, ३४४ चौरस किलोमीटरच्या जमिनीवर चौदा नोडांचे, म्हणजे उपनगरांचे, शहर आखले गेले. ही जमीन मोकळी नव्हती. तिच्यावर आगरी-कोळी समाजाची गावे, भातशेती, मिठागरे आणि गावदेवीची ठाणी होती, आणि १९८४ मध्ये जासईच्या शेतकरी आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा त्या जमिनीचे मोल साऱ्या महाराष्ट्राला कळले. करावे, शिरवणे किंवा दिवाळे गावात जन्मलेल्या माणसाला आपला पत्ता आजोबांपासून मिळालेला असतो. पण गिरगावातून, परळमधून, साताऱ्याहून किंवा जळगावहून इथे राहायला आलेल्या माणसाच्या हाती सेक्टरचा, प्लॉटचा आणि इमारतीचा क्रमांक पडला. क्रमांकाशी नाते जुळायला वेळ लागतो. ते जुळते ते सकाळच्या फेरीच्या वाटेशी, स्टेशनाबाहेरच्या वडापावच्या गाडीशी, ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याकाठच्या ठरावीक बाकाशी. चेक-इनच्या ॲपमध्ये जागा यादीत नसेल तर वापरणाऱ्याला ती स्वतः घालता येत होती, आणि म्हणून सरकारी नकाशावर नसलेली चहाची टपरी, रिक्षा-थांबा, गणपती विसर्जनाचा घाट आणि मैदानाचा कोपरा, या साऱ्यांना लोकांनी आपापल्या तोंडची नावे देऊन नोंदवले. सेक्टरमधल्या एखाद्या टपरीचे महापौरपद मिळाले म्हणून आनंदणारा तिशीतला नोकरदार पोरकट वाटेल खरा. पण आपण या जागी वारंवार येतो, आपल्याला इथे ओळखतात, हे शहर थोडेसे आपलेही आहे, असे म्हणण्याची दुसरी कोणती रीत भाड्याच्या घरात अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाला उपलब्ध आहे?

आता आक्षेपांकडे येते. मिरवण्याच्या आक्षेपावर मी फार शाई खर्चणार नाही. काही लोक पंचतारांकित हॉटेलांची आणि विमानतळांचीच नोंद करतात हे खरे आहे. असे लोक चेक-इन नसते तरी लग्नपत्रिकेपासून गाडीच्या नंबरापर्यंत कशातूनही मिरवलेच असते.

सुरक्षेचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो कमी लेखणाऱ्यांशी माझे भांडण आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये तीन डच तरुणांनी ‘प्लीज रॉब मी’ नावाचे संकेतस्थळ काढले आणि ट्विटरवर उघड झालेली फोरस्क्वेअरची चेक-इन एकत्र मांडून, कोणाची घरे आत्ता रिकामी आहेत ते जगाला दाखवले. हेतू इशारा देण्याचा होता आणि तो योग्य होता. २०१२ मध्ये ‘गर्ल्स अराउंड मी’ हे ॲप उघडकीस आले. फोरस्क्वेअरवरची सार्वजनिक चेक-इन आणि फेसबुकवरची माहिती जुळवून, आपल्या आसपास कोणत्या मुली आहेत हे ते परक्या पुरुषांना नकाशावर दाखवत असे. बोभाटा झाल्यावर फोरस्क्वेअरने त्याला आपली माहिती देणे बंद केले, पण तोवर ते उपलब्ध होते हीच शरमेची बाब आहे. रात्री उशिरा ऐरोली स्टेशनवर उतरून एकटी चालत घरी जाणारी बाई म्हणून मला हे वाचताना जे वाटले, ते ‘लपवण्यासारखे काही नाही’ म्हणणाऱ्या पुरुषांना सहज समजेल असे मला वाटत नाही.

तरीही या उदाहरणांतून चेक-इन सोडून द्यावे असा निष्कर्ष मी काढत नाही. धोका दिसत होता, म्हणून वापरणारे शहाणे झाले. माझ्या परिचयातल्या बहुतेक बायका आता जागा सोडताना चेक-इन करतात, पोहोचल्यावर नव्हे, आणि घर, मुलांची शाळा, रोजची व्यायामशाळा या जागा त्या कधीच नोंदवत नाहीत. नोंद करणे आपल्या हाती असले म्हणजे ती कधी करायची आणि कधी नाही हेही आपल्या हाती राहते. मूक पाठलागात हे शहाणपण चालतच नाही. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की सीरिया आणि अफगाणिस्तानातले लष्करी तळ त्यात उजळून दिसत आहेत. त्या जवानांपैकी कोणी आपला तळ जगाला सांगायला निघाला नव्हता. ते स्वतःचे व्यायामाचे हिशेब ठेवत होते आणि त्या हिशेबांच्या बेरजेतून तळ उघडे पडले.

हाच फरक घरात अधिक ठळक दिसतो. मुलगी पुण्याला जायला निघाली की आई दारातून सांगते, “पोहोचलीस की कळव.” चार तासांनी मुलीचा ‘पोहोचले’ असा एका शब्दाचा निरोप येतो आणि आई कामाला लागते. त्या निरोपाची वाट पाहण्यात काळजी आहे, आणि तो मुलीने स्वतः पाठवण्यात तिचा मान आहे. व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये सतत हलणारा ठावठिकाणा पाठवण्याची सोय केली. पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास अशा तिच्या मुदती आहेत. अनोळखी रस्त्यावर रात्री टॅक्सीत बसलेल्या मुलीने ती स्वतः चालू केली तर त्यासारखा आधार नाही. पण अलीकडे अनेक घरांत तिची सक्ती होते, मुदत संपली की पुन्हा चालू करायला लावले जाते, आणि ठिपका पाच मिनिटे एकाच जागी थांबला तर फोन येतो. जे पालक मुलांना चेक-इनवरून झापतात तेच पालक मुलांचा ठिपका बघत बसतात. मुलांना सुरक्षितता शिकवायची असेल, तर स्वतःहून खबर देण्याची सवय लावणे आणि ती खबर आल्यावर विश्वास ठेवणे, यात अधिक शिक्षण आहे असे मला मनापासून वाटते.

सोसायटीच्या दाराशी तर याहून उघड विसंगती आहे. अभ्यागताने रजिस्टरमध्ये नाव, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचे, मोबाइल क्रमांक आणि वेळ लिहायची असते. दोरीने बांधलेल्या पेनाने आपण आपली ओळ लिहितो, तेव्हा वरच्या वीस जणांचे क्रमांक आपल्यासमोर उघडे असतात. भरलेली रजिस्टरे वॉचमनच्या केबिनमध्ये पाण्याच्या कॅनशेजारी रचलेली असतात. जिथे आता ॲप आले आहे तिथे कामवालीच्या आणि डिलिव्हरीच्या मुलाच्या येण्याजाण्याची मिनिटामिनिटाची नोंद होते, ती किती काळ ठेवायची याचा ठराव कोणत्याही सभेत झालेला मी ऐकलेला नाही, आणि ज्यांची नोंद होते त्यांना तर कोणी विचारलेलेच नाही. ठावठिकाण्याच्या प्रश्नाची ज्यांना खरोखर कळकळ आहे, त्यांनी प्रथम इकडे पाहावे.

चेक-इनमुळे नाजूक जागांवर गर्दी लोटते, या आक्षेपातले निम्मे मी मान्य करते. नेरूळच्या पाणथळीतले रोहित पक्षी, येऊरच्या जंगलातल्या वाटा, खारघरचा पांडवकडा ही ठिकाणे लोकांना कळली आणि त्यांच्यावर ताण आला. पावसाळ्यात पांडवकड्यावर बुडून माणसे मेली आणि तिथे जाण्यास मनाई करावी लागली. पक्ष्याच्या घरट्याची जागा किंवा दुर्मीळ वनस्पतीचा पत्ता कोणीही, कोणत्याही ॲपमध्ये नोंदवू नये, आणि ॲपनेच अशा जागा यादीतून वगळाव्यात, इथवर मी आक्षेप घेणाऱ्यांसोबत आहे. मात्र पावसाळ्यात धबधब्याकडे लोटणारी गर्दी रील पाहून येते. मित्राने केलेल्या एका ओळीच्या चेक-इनमुळे आलेली गर्दी मी तरी पाहिलेली नाही. शिवाय पाणथळ जागा वाचवण्यासाठी जे नागरिक वर्षानुवर्षे झगडत आहेत, त्यांच्या हातचे एक मोठे साधन हेच आहे, की इथे अमुक तारखेला पक्षी होते आणि आम्ही ते पाहिले. ज्या जागेची कोणी नोंदच केलेली नाही ती बुजवली गेली तर साक्ष कोण देणार?

सर्वांत बळकट आक्षेप याहून वेगळा आहे, आणि सोसायट्यांच्या वादात तो जवळजवळ ऐकूच येत नाही. तो असा, की जाणीवपूर्वक केलेल्या नोंदींनीच मूक पाठलागाला वाट करून दिली. यात तथ्य आहे. कोट्यवधी लोकांनी ‘मी आत्ता या दुकानात आहे’ असे बटण दाबून सांगितल्यामुळे, त्या क्षणी फोनला कोणते वायफाय दिसते आणि कोणते संकेत मिळतात हे फोरस्क्वेअरला शिकता आले. त्या शिकवणीच्या जोरावर कोणी बटण न दाबताही फोन कोणत्या दुकानात शिरला हे ओळखणारे तंत्र कंपनीने बनवले आणि इतर कंपन्यांच्या ॲपना विकले. २०१५ मध्ये नव्या आयफोनची पहिल्या आठवडाअखेरची विक्री किती होणार, आणि २०१६ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेतल्या चिपोटले या उपाहारगृहांच्या साखळीची आधीपासून चालू असलेल्या शाखांतली विक्री सुमारे तीस टक्क्यांनी घटणार, हे कंपनीने लोकांच्या ये-जा वरून अगोदर सांगितले आणि दोन्ही अंदाज खरे ठरले. तेव्हा तुम्ही ज्याला निर्मळ नोंद म्हणता ती बाजाराचा कच्चा माल आहे, असे कोणी मला सुनावले तर मी ते झटकून टाकणार नाही.

पण यात अन्याय नेमका कुठे झाला? मित्रांना कळावे किंवा आपल्याला आठवावे म्हणून दिलेली माहिती तिसऱ्याच कामासाठी वापरली गेली, तिथे. नामावळीच्या ज्या तीन अटी मी वर सांगितल्या, त्यांतली दुसरी, म्हणजे नोंद कशासाठी आहे हे दोघांना माहीत असण्याची अट, इथे मोडली गेली. ती मोडणाऱ्याला जाब विचारण्याऐवजी नोंद करणाऱ्यालाच गप्प बसवणे, हे टपालातली पत्रे फोडली जातात म्हणून लोकांना पत्र लिहायची बंदी करण्यासारखे आहे. आणि लोकांनी चेक-इन सोडले तर पाठलाग थांबेल, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ध्यानात घ्यावे, की ते तंत्र आता शिकून तयार आहे. आपण बोलणे बंद केले तरी ते पाहत राहील, आणि मग आपल्या ठावठिकाण्याविषयीचे आपले स्वतःचे म्हणणे तेवढे नाहीसे होईल.

म्हणून हा प्रश्न शेवटी कायद्याकडे येतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्याच्या सहाव्या कलमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, तिच्यासाठी माणसाने स्पष्ट होकारार्थी कृती केलेली असावी, आणि ती सांगितलेल्या हेतूपुरती, त्यासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीची असावी. हे वर्णन चेक-इनच्या कृतीला जितके चपखल लागू पडते तितके फोनमधल्या दुसऱ्या कोणत्याही ठावठिकाण्याच्या व्यवहाराला लागू पडत नाही. जागा आपण निवडतो, वेळ आपण निवडतो, बटण आपण दाबतो. मग कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांनी हाच नमुना का मानू नये? ज्या ॲपला आपला ठावठिकाणा हवा आहे त्याने तो त्या त्या वेळी मागावा, कशासाठी हवा ते मराठीतून सांगावे, आणि एकदा दिलेला होकार पुढच्या वर्षभराचा परवाना मानू नये. सततची परवानगी ही रुग्णवाहिका, टॅक्सी, मार्गदर्शन करणारा नकाशा अशा ज्या कामांना खरोखर लागते त्यांच्यापुरती आणि ते काम चालू असेपर्यंतच असावी.

तिसरी अट उरते, ती म्हणजे नोंद पुढे बघायला मिळण्याची. तीर्थोपाध्यायाची वही पिढ्यान्‌पिढ्या टिकली, आणि इकडे गोवाला पाच वर्षेही नीट जगले नाही. नौपाड्यातल्या त्या गृहस्थांच्या नाटकांच्या साऱ्या नोंदी एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर आहेत, आणि कंपनीने उद्या हे ॲपही बंद केले तर त्यांनी त्या कशा आणि कोणाकडे मागायच्या? आपली माहिती दुसरीकडे वापरता येईल अशा स्वरूपात परत मागण्याचा हक्क युरोपीय नागरिकांना मे २०१८ पासून आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता. २०२३ चा कायदा मंजूर झाला तेव्हा त्यात तो राहिला नाही. कायद्यात पहिली दुरुस्ती होईल तेव्हा हा हक्क परत घातला जावा, आणि कोणतीही ठावठिकाण्याची सेवा बंद करण्यापूर्वी वापरणाऱ्याला त्याच्या सर्व नोंदी, तारीख, जागा आणि त्याने लिहिलेल्या ओळीसह, उतरवून घेण्यासाठी पुरेशी मुदत देण्याचे बंधन कंपनीवर असावे, अशी मागणी आपल्या खासदारांकडे लेखी करायला हवी.